शेजारचा पाट

दाबकेकाकूंच्या दारावर एक पितळी पाटी होती. ‘वि. ग. दाबके’. दर शनिवारी सकाळी शाळेला निघण्याआधी काकू ती चिंचेनं घासत, ओल्या फडक्यानं पुसत, मग कोरड्या. अक्षरं अशी लखलखत की जिना चढणाऱ्याला आधी पाटी दिसे आणि मग दार. या वि. ग. दाबक्यांनी त्या घरात पाऊल ठेवल्याला नऊ वर्षं झाली होती.

हे मला कळलं तेव्हा आम्हाला बालीगंजच्या त्या गल्लीत येऊन दोनच महिने झाले होते. माझ्या नवऱ्याची, अरविंदची, बँकेनं कलकत्त्याला बदली केली होती आणि काकूंच्या वरच्या मजल्यावर आम्हाला दोन खोल्या मिळाल्या होत्या. साठीचं दशक सरत आलं होतं. मी चोवीस वर्षांची होते, पुण्याहून समाजशास्त्राची पदवी घेऊन आले होते आणि लोकांना वाटेल ते विचारायचा आपल्याला परवाना आहे असं समजत होते.

“काकू, ही पाटी तुम्ही काढून का टाकत नाही?”

काकूंनी हातातला चिंचेचा चोथा बाजूला ठेवला. “घर त्यांनी भाड्यानं घेतलंय. पावती त्यांच्या नावाची येते. पाटी खोटी आहे का?”

“खोटी नाही, पण...”

“मग तांब्यातलं पाणी ओत जरा.”

मी पाणी ओतलं. त्यानंतरची दहा वर्षं आमचं असंच चाललं. मी विचारायचं, त्यांनी एका वाक्यात मला गप्प करायचं आणि वर काहीतरी काम सांगायचं.

काकू कलकत्त्यातच जन्मल्या, वाढल्या. वडील इथे शिक्षक होते, त्याही मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवत. शाळेत त्या ‘मनोरमादि’, म्हणजे मनोरमाताई. बंगाली त्यांना मराठीइतकं येई, पण घरात एकही बंगाली शब्द चालत नसे. अपवाद फक्त रागाचा. रागावल्या की बंगाली सुरू होई, आणि मग त्यांची पंधरा वर्षांची मुलगी उषा चपला घालून थेट आमच्याकडे वर येई. घरात नऊवारी, शाळेत जाताना ट्रामसाठी सहावारी. कपाळावर कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, मंगळवारचा उपास, सगळं जिथल्या तिथे. नवऱ्याचं नाव तोंडातून येत नसे. ‘उषाचे वडील’ म्हणत. उषाचे वडील काही हिमालयात गेलेले नव्हते. बसनं तासाभराच्या अंतरावर ते दुसऱ्या एका बाईंबरोबर राहत होते. त्या जागेला काकू ‘तिकडे’ म्हणत आणि त्या बाईंना काहीच म्हणत नसत.

मी अरविंदला नावानं हाक मारते हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. “गल्लीतला भाजीवाला पण त्याला अरविंदबाबू म्हणतो,” त्या म्हणत. “तू त्याच्याहून लांबची का जवळची, ते तरी कळू दे.”

“काकू, बरोबरीचं नातं आहे आमचं.”

“बरोबरी!” त्या हसत. “बायकांना पुरुषांची बरोबरी कशाला हवी गं? एवढं काय पाहिलंत त्यांच्यात?”

यावर मी दारावरच्या त्या पितळी पाटीकडे बघे. 

एक गंमत सांगते. कलकत्त्याच्या बसमध्ये बायकांच्या जागा वेगळ्या असत. माझा तेव्हा सिद्धांत होता की आपण समान आहोत, तर आपल्यासाठी पुरुषाला उठवायचं नाही. सातव्या महिन्यात असताना मी त्या सिद्धांतापायी गडियाहाटपासून घामाघूम होऊन दांडीला लोंबकळत होते आणि लेडीज सीटवर दोन गृहस्थ पेपर वाचत बसले होते. काकू मागच्या दारानं चढल्या. माझ्याकडे एक नजर, पेपराकडे एक. “दादा, उठुन. लेडीज.” दोघेही उठले. एकजण पुटपुटला की बायकांना हल्ली समान हक्कही हवेत आणि सीटही हवी. काकू शांतपणे त्याच्याच भाषेत म्हणाल्या, “समान हक्क हिला हवेत, म्हणून ही उभी होती. मला माझी जागा हवी, म्हणून मी बसले.” बस हसली. मीही बसले. बाळंतीण होईपर्यंत पुन्हा सिद्धांताचं नाव काढलं नाही.

पण सगळंच असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. शाळेच्या कमिटीचे सेक्रेटरी म्हणून एक गृहस्थ होते. ते पुरुष कारकुनाला ‘आपनि’ म्हणत आणि शिक्षिकांना, मग ती नातवंडं असलेली बाई का असेना, ‘तुमि’. म्हणजे कारकुनाला अहोजाहो आणि बायकांना अरेतुरे. शिक्षिकांनी कमिटीकडे अर्ज करायचं ठरवलं. सगळ्यांनी सह्या केल्या. काकूंनी केली नाही.

थोड्या दिवसांनी सेक्रेटरींनी काकूंना कामासाठी बोलावलं आणि ‘तुमि’नं सुरुवात केली. काकू भिंतीकडे बघत उभ्या. सेक्रेटरींनी पुन्हा विचारलं, मग आवाज चढवून विचारलं, ऐकू येत नाही का? काकू म्हणाल्या, “मला कोणी हाक मारल्याचं ऐकू आलं नाही. ‘आपनि’ म्हणून कोणी बोलावलं तर मी खाली आठवीच्या वर्गात आहे.” आणि निघून आल्या. चार दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत. परीक्षेच्या यादीवर त्यांची सही लागत होती. पाचव्या दिवशी सेक्रेटरी स्वतः वर्गाच्या दाराशी आले आणि म्हणाले, “मनोरमादि, आपनि एकटु आसबेन?” म्हणजे, आपण जरा येता का?

हे मला काकूंनी नव्हे, उषानं सांगितलं, हातवारे करून. मी खूश होऊन खाली धावले. “काकू, कमाल केलीत! पण मग अर्जावर सही का नाही केलीत?”

“अर्ज करून मिळालेला मान अर्जापुरता असतो.”

“आणि बाकीच्या?”

“त्यांचा त्यांनी ठेवावा. मान काय दुसऱ्याला वाढून देता येतो?”

तेव्हा हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवलं. पुढे कळलं की तो अर्ज केराच्या टोपलीत गेला आणि सेक्रेटरींनी काकूंवरचा राग बाकीच्यांवर काढला. शिवणाच्या बाईंना तर मुलींसमोर ‘तुमि’ म्हणून ओरडत. त्या बाई रिटायर व्हायला एक वर्ष राहिलं होतं. काकूंना हे सगळं माहीत होतं. मी एकदा विषय काढला तर त्या म्हणाल्या, “बाईंना मी सांगितलं होतं, उत्तर देऊ नका म्हणून. त्यांनी दिलं.” मला ते आवडलं नाही. कोणाला नोकरी टिकवायची असते, कोणाचा गळाच भरून येतो, सगळ्यांना भिंतीकडे बघत उभं राहता येत नाही. पण काकूंच्या स्वाभिमानात दुसऱ्या माणसाला शिरायला जागा नव्हती. मी त्या गोष्टीतला पहिला भागच लोकांना सांगत राहिले.

सत्तरीच्या सुरुवातीची कलकत्त्यातली नक्षलवादी चळवळीची वाईट वर्षं सरली आणि आम्ही काही मराठी बायकांनी एक अभ्यासमंडळ काढलं. बँकवाल्यांच्या बायका, फोर्ट विल्यममधल्या एका मेजरसाहेबांची बायको, दोन-तीन इथल्या जुन्या घराण्यांतल्या, अशा आठजणी. शनिवारी दुपारी आमच्याकडे जमायचं, लेख वाचायचे, वाद घालायचे. काकूही येत. दाराजवळ बसून मांडीवर फुलवाती वळत आणि ऐकत. कोणी म्हणालं, बाईला घरात गुलाम करून ठेवलंय, तर मान न उचलता म्हणत, “ठेवलंय कोणी, आणि राहिलंय कोण?” मेजरीणबाई चिडत. मी चिडत नसे. मला मनातून वाटे, या बाई आपल्याच आहेत, फक्त त्यांना ते ठाऊक नाही. कधीतरी कोणीतरी त्यांना ते दाखवून द्यायला पाहिजे. या ‘कधीतरी कोणीतरी’नंच सगळा घात केला.

आम्हाला येऊन सहा वर्षं झाली तेव्हा उषाचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, इंजिनियर. मुलाचे वडील पाटणकर मुलगी बघायला आले तेव्हा काकूंनी पहिल्याच भेटीत खरं सांगून टाकलं की नवरा वेगळा राहतो. पाटणकर विचारात पडले. मग म्हणाले, आमची हरकत नाही, मात्र चारचौघांत ते दिसायला नको. म्हणून असं ठरलं की पत्रिकेवर वडिलांचं नाव असेल, कन्यादान काकूंचे भाऊ-भावजय करतील आणि दाबकेसाहेब पाहुण्यांत येऊन बसतील. कोणी विचारणार नाही, कोणी सांगणार नाही.

हे ठरलेलं मला माहीत नव्हतं. काकूंनी सांगितलं नाही, आणि मी एरवी सगळं विचारणारी, नेमकं तेवढं विचारलं नाही.

काकूंच्या शाळेत वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते, म्हणून पत्रिकेचं काम मी अंगावर घेतलं. मराठी जुळवून देईल असा छापखाना बडाबाजारात एकच, तोही हिंदीवाला. काकूंनी मजकूर स्वच्छ अक्षरात लिहून दिला होता, ‘श्री. विनायक गणेश दाबके यांची कन्या चि. सौ. कां. उषा’. मुद्रितं माझ्याकडे आली. त्या ओळीवर माझी पेन्सिल थांबली. सहा वर्षांच्या पोरीला टाकून गेलेला माणूस, आणि कन्या त्याची! मी ओळ खोडली आणि वर लिहिलं, ‘सौ. मनोरमा दाबके यांची कन्या’. मला खरंच वाटलं की मी काकूंना आहेर करते आहे. एकदा कोणीतरी हिंमत केली की त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल.

पत्रिका छापून आल्या त्या शनिवारी काकू पेपर तपासायला शाळेतच थांबल्या होत्या. अभ्यासमंडळाच्या आठहीजणी बसल्या, दोन तासांत पत्ते लिहून झाले. परगावचं टपाल उशिरा पोचतं म्हणून ते आधी पेटीत टाकून आलो. संध्याकाळी उरलेला गठ्ठा घेऊन मी मिरवत खाली गेले.

काकूंनी हातपाय धुतले, रेशमी नेसल्या. पहिली पत्रिका देवाला. तिच्या चार कोपऱ्यांना कुंकू लावलं, वर अक्षता ठेवल्या, देवापुढे धरली आणि मग वाचली. बराच वेळ वाचत होत्या.

“यातल्या किती गेल्या?”

“परगावच्या सगळ्या.”

“देवाच्या आधी?”

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हटलं, “काकू, तुमचं नाव आहे बघा. पंधरा वर्षं तुम्ही एकटीनं वाढवलंत तिला. तुम्हाला टाकून गेलेल्या माणसाचं...”

“मला कोणी टाकलेलं नाही. मी काय वस्तू आहे? ते गेले.” आवाज चढला नव्हता. बंगालीही सुरू झालं नव्हतं, म्हणूनच मला भीती वाटली. “तुला कोणी विचारलं होतं, शैला?”

मग पाटणकरांशी काय ठरलं होतं ते त्यांनी मला सांगितलं. मी भिंतीला टेकून ऐकलं. “जे झाकायचं ते मी ठरवलं होतं,” त्या म्हणाल्या. “उघडं करायचं ते तू ठरवलंस. उषाचे वडीलसुद्धा मला न विचारताच गेले होते.”

इतकं लागेल असं मला आयुष्यात कोणी बोललेलं नाही. पत्रिका त्यांनी देवापुढे ठेवली, पण पालथी.

बारा दिवसांनी पाटणकरांचं पत्र आलं. पत्रिकेमुळे नातेवाइकांत नको ती चर्चा सुरू झाली आहे, तेव्हा मुलीच्या आईवडिलांनी जोडीनं बसून कन्यादान करावं म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. तसं होणार नसेल तर आम्हाला विचार करावा लागेल. शेवटी ‘आपला नम्र’.

मी काकूंकडेच होते तेव्हा उषा बाहेरून आली. चेहरा लाल झालेला. “आई, मी बाबांकडे जाऊन आले.” काकू पेपर तपासत होत्या, त्यांची लाल पेन्सिल थांबली. “ते यायला तयार आहेत. तू फक्त एक तास त्यांच्याशेजारी बस. एकच तास, आई. पुढे मला त्या घरात जन्म काढायचाय.”

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली, पेपरांचा गठ्ठा सारखा केला. मग म्हणाल्या, “तुझं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागेल.” उषानं ते होकार समजून आईच्या गळ्यात हात टाकले. मीही होकारच समजले.

दोन दिवसांनी मला राहवेना. मी खाली जाऊन म्हटलं, “काकू, माझ्यामुळे झालं हे सगळं. पण बसू नका त्यांच्याशेजारी. हा तुमचा अपमान आहे.”

“तू आता गप्प राहा,” त्या म्हणाल्या. मग स्वतःशी बोलल्यासारख्या पुढे म्हणाल्या, “अपमान पंधरा वर्षांपूर्वी झाला, तो जुना झाला. तुमच्या मंडळाला वाटतं बाईला मानापमानाशिवाय काही सुचत नाही. मला प्रश्न निराळा आहे. जोडीनं बसायचं म्हणजे देवाब्राह्मणांपुढे म्हणायचं की आम्ही जोडी आहोत. लोकांपुढे मी पुष्कळ झाकलं, ते चालतं. तिथे खोटं कशी बसू?”

त्यांच्या पुढ्यात पेपर नव्हते. वडिलांच्या वेळची धर्मविधीची पोथी उघडी होती आणि त्या पानापानावर बोट ठेवून काहीतरी शोधत होत्या.

लग्न वैशाखात होतं, गडियाहाटजवळच्या भाड्याच्या लग्नघरात. सकाळचं पुण्याहवाचन भाऊ-भावजयीनंच उरकलं, कारण दाबकेसाहेब तोवर पोचलेच नव्हते. ते आले मुहूर्ताला. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच, देखणे, केस पांढरे, रेशमी कद नेसलेले. सॉल्ट लेकच्या नव्या वस्तीत घर बांधतोय, तिथे अजून नुसती वाळूच आहे, असं कोणाला तरी हसून सांगत होते. मला त्यांचा राग यावा म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केला. उषा त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती ते पाहून तो येईना.

मंगलाष्टकं झाली, माळा पडल्या. कन्यादानासाठी दोन पाट शेजारी शेजारी मांडले. त्याच वेळी वीज गेली, पंखे थांबले, आणि एवढ्या माणसांत एकदम सगळं स्वच्छ ऐकू यायला लागलं.

काकू हिरव्या शालूत आल्या आणि एका पाटावर बसल्या. दाबकेसाहेब दुसऱ्याकडे निघाले. काकू गुरुजींना म्हणाल्या, “गुरुजी, एक सुपारी द्या.”

आपटे गुरुजी म्हातारे होते, काकूंच्या वडिलांना ओळखणारे. त्यांना वाटलं पूजेला हवी. त्यांनी दिली. काकूंनी ती कपाळाला लावली आणि कमरेला खोचली.

आपल्याकडे धर्मकृत्याला बायको हजर नसली तर नवरा तिच्याऐवजी कमरेला सुपारी लावून बसतो. हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाईनं नवऱ्याऐवजी सुपारी लावलेली कोणी पाहिली नव्हती.

“मनोरमा, अगं हे काय?” गुरुजी हळूच म्हणाले. “दाबकेसाहेब इथे उभे आहेत.”

“उभे आहेत, गुरुजी. पण हजर नाहीत. पंधरा वर्षं नव्हते. बाईनं असं बसू नये असं लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही. तुम्ही दाखवा, मी उठते.”

पाटणकरांच्या बाजूनं कुजबुज झाली, कोणीतरी ‘हा काय तमाशा’ म्हणालं. पाटणकरांचा चेहरा काळवंडला, पण माळा पडल्या होत्या. नवरामुलगा खाली बघत होता. दाबकेसाहेब मधल्यामधे उभे होते, एक पाय पुढे टाकलेला. मग ते म्हणाले, “चालू द्या,” आणि मागे जाऊन पाहुण्यांत खुर्चीवर बसले. गुरुजींनी डोळे मिटून घेतले आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. पाण्याची धार भावजयीनं धरली. शेजारचा पाट तसाच मोकळा राहिला. तो उचलायचं कोणाला सुचलं नाही.

मी मागच्या रांगेत उभी होते. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, हे मी कबूल करते. मग माझं लक्ष उषाकडे गेलं. ती मान वळवून मागे, वडिलांच्या खुर्चीकडे बघत होती. निघताना ती वडिलांच्या पाया पडली, मामा-मामींच्या पडली, आणि शेवटी आईच्या. उठताना म्हणाली, “झालं ना आई, तुझ्या मनासारखं?” मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. काकूंनी तिच्या पदराची निरी सारखी केली.

उषा पहिल्या दिवाळसणाला आली नाही. दुसऱ्या दिवाळीलाही नाही. महिन्याला पोस्टकार्ड येई, दोन ओळींचं, मी खुशाल आहे. मेजरीणबाईंच्या नागपूरच्या बहिणीकडून कळलं की तिकडे तिला ‘सुपारीवालीची लेक’ म्हणतात, स्वयंपाकघरात, तिच्यादेखत. मुलगी झाली, तर बारशाचं पत्र बारसं झाल्यावर आलं.

आणि मी काय करत होते? मी गोष्ट सांगत होते. मंडळात सांगितली, एका महिला संमेलनात व्यासपीठावरून सांगितली, बायका उभ्या राहून टाळ्या वाजवत. काकूंच्या कानावर गेलं. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या मंडळालाही वर येईनाशा झाल्या होत्या. त्या दिवशी जिना चढून आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“माझं नाव घेऊन सभा गाजवू नकोस. मी काही क्रांती केलेली नाही.” त्यांना दम लागला होता. “शास्त्राचं मी पाहिलं होतं. पोरीचं पाहिलं नाही. बरोबर केलं की चुकलं हे माझं मलाच कळत नाही, आणि तू टाळ्या घेतेस.”

त्या दिवसापासून मी ती गोष्ट सांगणं बंद केलं. आज सांगते आहे, तीही टाळ्यांसाठी नव्हे.

कलकत्त्यात आम्हाला दहा वर्षं झाली आणि आमची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं होतं, दुपारची गाडी होती. त्याच आठवड्यात उषा आली होती, लग्नानंतर पहिल्यांदाच, सासरे वारल्यावर. बरोबर तीन वर्षांची मुलगी. मी निरोप घ्यायला खाली गेले. शनिवार होता, पाटी घासलेली होती. काकू माझी ओटी भरायला तांदूळ-नारळ आणायला आत गेल्या. उषा माझ्यासमोर बसली. ती वाळली होती आणि डोळे हुबेहूब काकूंचे झाले होते.

“शैलाताई,” ती हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही आईच्या इतक्या जवळच्या. मांडवातलं आता मला थोडंथोडं कळतं. एखाद्या माणसाशेजारी आपल्याला बसवत नाही म्हणजे काय, ते चार वर्षांत शिकले मी. पण पत्रिका? पत्रिकेतून बाबांचं नाव काढायचं काय अडलं होतं तिला? तिथूनच सुरू झालं सगळं. तुम्हाला कधी बोलली ती?”

 चार वर्षं! चार वर्षं ही मुलगी माझं पाप आईच्या नावावर धरून बसली होती. आणि मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं की उषाला कोणी काय सांगितलं आहे. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच विचारलं नसावं.

काकू तबक घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. नको.

“मी काढलं,” मी म्हणाले. “तुझ्या आईला पत्रिका पोस्टात गेल्यावर कळलं. तिच्या अक्षरातल्या कागदावर बाबांचं नाव होतं.”

“तुला कोणी विचारलं होतं?” काकू म्हणाल्या.

“या वेळी विचारलं, काकू. उषानं.”

उषा उठून उभी राहिली. “आई, मला सांगितलं का नाहीस?”

काकूंनी तबक खाली ठेवलं. “आपल्या घरातून गेलेली पत्रिका आपली. दुसऱ्याकडे बोट काय दाखवायचं?”

“मला सांगायचंस! मी तुझी मुलगी आहे. चार वर्षं मी तुला...” 

“पोटच्या पोरीनं आपल्यावर विश्वास ठेवावा,” काकू म्हणाल्या, “म्हणून काय अर्ज करायचा होता?”

त्यांचा आवाज तुटला. मी तो तुटलेला पहिल्यांदाच ऐकला. छोटी मुलगी आजीच्या तबकातले तांदूळ बोटानं पसरत होती, तिला कोणी रागावलं नाही.

मग काकूंनी मला कुंकू लावलं, ओटी भरली, नारळ पदरात घातला. सगळं रीतीप्रमाणे, काही न विसरता. मी वाकले तेव्हा पाठीवर हात ठेवला. मला त्यांची माफी मागायची होती. मागितली असती तर ‘माफी मागून काय होतं’ असं काहीतरी म्हणाल्या असत्या आणि एखादं काम सांगितलं असतं. मी मागितली नाही. हे मला अजून टोचतं. उषाला सांगितलं ते बरोबर केलं की पुन्हा एकदा काकूंनी झाकलेलं मी उघडं केलं, हेही मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

खाली टॅक्सीत बसल्यावर मी वर पाहिलं. मायलेकी गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. गॅलरी अगदीच छोटी, तरी दोघींच्या मधे एक पाट मावेल एवढी जागा सोडलेली होती. उषा आईकडे तोंड करून काहीतरी बोलत होती. काकू समोर रस्त्याकडे बघत होत्या. त्यांची मान वळते का ते मी खिडकीतून वाकून बघत राहिले, तेवढ्यात टॅक्सी ट्रामच्या रस्त्याला लागली.